शाल नको, हिशोब द्या

गेल्या डिसेंबरात माझ्या जुन्या कॉलेजने मला सत्काराला बोलावले. कॉलेज ख्रिस्ती संस्थेचे. तिथे मी बीए केले, आणि एमए झाल्यावर दोन वर्षे तिथेच समाजशास्त्र शिकवले, तासिका तत्त्वावर. आता महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात पीएचडी करते आहे. निवेदक मॅडमनी माईकवरून सांगितले, "आपल्या महाविद्यालयातून पीएचडीपर्यंत पोहोचलेल्या, मागासवर्गीय समाजातल्या पहिल्या विद्यार्थिनी." टाळ्या झाल्या. शाल आली, पुष्पगुच्छ आला, संस्थापकांच्या फोटोची फ्रेम आली. माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. ती रजा टाकून आली होती आणि दुसऱ्या रांगेत बसून पदराने डोळे पुसत होती.

चहाच्या वेळी फादर जवळ आले. माणूस भला आहे, विद्यार्थ्यांना नावानिशी ओळखतो. म्हणाले, "तुझ्यासारख्या मुलींना या संस्थेनं उभं केलं, बेटा. हे कधी विसरू नकोस."

मी विसरलेले नाही. तिथले ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडे असायचे, फीचे हप्ते पाडून मिळायचे, हे मी विसरलेले नाही. शेवटच्या सत्राचे माझे मानधन सात महिने थकले होते, हेही विसरलेले नाही. विचारायला गेले की ऑफिसातून एकच उत्तर यायचे, "मॅडम, बिल वर गेलंय." आणि त्या संध्याकाळी शाल पांघरून उभी असताना एक साधे गणित डोक्यातून जाईना. कॉलेजला साठ वर्षे होऊन गेली. साठ वर्षांत मी पहिली? यात माझा गौरव कसला? ही तर संस्थेविरुद्धची तक्रार आहे, आणि ती संस्थेनेच माईकवरून वाचून दाखवली.

माझ्या प्रबंधाचा विषय पहिल्या पिढीतले प्राध्यापक हा आहे. त्यासाठी वाचताना एक माणूस भेटला. आपल्याकडे मानसशास्त्र शिकलेल्या मुलांनाही त्यांचे नाव सहसा ठाऊक नसते. फ्रान्सिस सेसिल समनर. १९२० साली मानसशास्त्रात पीएचडी मिळवणारे अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय. तिकडे त्यांना कृष्णवर्णीय मानसशास्त्राचे जनक म्हणतात. पहिले, जनक, मानवंदना... म्हणजे शाल तिथेही आहे. ती शाल जरा बाजूला सारून या प्राध्यापकाची नोकरी कशी झाली ते बघू. माझ्या मते आपल्यापैकी प्रत्येकाने ती एकदा बघायला हवी.

समनर यांचा जन्म १८९५ चा, आर्कान्सा राज्यातल्या पाइन ब्लफ गावचा. कृष्णवर्णीय मुलांसाठी धड माध्यमिक शाळा नव्हत्या, म्हणून वडिलांनीच मुलाला घरी शिकवले. १९११ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, लेखी परीक्षा देऊन हा मुलगा पेनसिल्वेनियातल्या लिंकन युनिव्हर्सिटीत दाखल झाला. चार वर्षांत तो तिथून उत्तम गुणांनी पदवीधर झाला. त्याच काळात, १९१३ ते १९१६, आपले बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. दोघांची भेट झाली नाही. पण दोघांच्या घरांनी शिक्षणासाठी काय मोजले असेल, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

लिंकन ही संस्था प्रेसबिटेरियन धर्मगुरू जॉन मिलर डिकी यांनी १८५४ साली काढली. तेव्हा अमेरिकेत गुलामगिरी कायदेशीर होती आणि दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे गुन्हा होता. अशा काळात कृष्णवर्णीय तरुणांसाठी उच्च शिक्षणाची संस्था काढायला छाती लागते. त्याचे श्रेय त्या चर्चला द्यायचे, पूर्ण द्यायचे. आमच्या जोतिरावांनीही ते दिले. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंची मुलींची शाळा बघून आले. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. ऋण मानायला आपण कधीच कंजूष नव्हतो.

पण दार उघडले की काम संपत नाही. आत गेल्यावर खुर्चीत कोण बसते, हा पुढचा प्रश्न. लिंकनमध्ये विद्यार्थी कृष्णवर्णीय आणि प्राध्यापक गोरे, अशी घडी कित्येक दशके बसलेली होती. कवी लँग्स्टन ह्यूज तिथे शिकत असताना त्यांनी १९२९ साली वरच्या वर्गांतल्या मुलांची पाहणी केली. तुम्हाला प्राध्यापक कसे हवेत? ६३ टक्के कृष्णवर्णीय मुलांनी उत्तर दिले, सगळे गोरेच असलेले बरे. पंचाहत्तर वर्षे ज्या मुलांना आपल्या रंगाचा माणूस फळ्यापुढे उभा असलेला जवळजवळ दिसलाच नाही, ती दुसरे काय सांगणार? संस्थेचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष, होरेस मान बाँड, १९४५ मध्ये नेमला गेला. स्थापनेनंतर ९१ वर्षांनी. माझ्या कॉलेजचे साठ वर्षांचे गणित मला इथे पुन्हा भेटले.

समनर यांना लिंकनमध्ये शिकवायची संधी मिळाली ती पुढची पदवी घेत असताना. विषय बघा: धर्माचे मानसशास्त्र, गूढवाद, प्रायोगिक मानसशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र, आणि वर जर्मन भाषा. तासिका तत्त्वावर राबलेल्यांना ही यादी ओळखीची वाटेल. ज्याची जागा पक्की नसते त्याच्या वाट्याला कुठलाही पेपर येतो. मी स्वतः एका सत्रात समाजशास्त्र, पर्यावरण आणि 'व्यक्तिमत्त्व विकास' शिकवले आहे.

पीएचडीसाठी अर्ज केले तेव्हा दोन विद्यापीठांनी नाकारले. त्यातले एक मेथडिस्ट चर्चच्या पुढाकाराने उभे राहिलेले, वॉशिंग्टनचे अमेरिकन युनिव्हर्सिटी. शेवटी घेतले मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क युनिव्हर्सिटीने. तिथले अध्यक्ष जी. स्टॅन्ली हॉल हे अमेरिकन मानसशास्त्राचे बडे नाव. अमेरिकन मानसशास्त्र संघटना त्यांनी स्थापन केली, १९०९ मध्ये फ्रॉइडला अमेरिकेत आणले ते यांनीच. तरुणपणी ते धर्मशास्त्र शिकलेले. हॉल यांनी समनरना मदत केली, पाठीशी उभे राहिले, हे खरे. आणि याच हॉल यांनी १९०४ मधल्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात गोऱ्यांखेरीजच्या कितीतरी वंशांना 'किशोरवयीन वंश' ठरवले होते, हेही खरे. म्हणजे तुमचे वय कितीही वाढो, तुमचा समाज शाळकरी पोरच राहणार आणि गोरा माणूस त्याचा पालक. अशा पालकाची माया खरी असू शकते. पण ती माया मिळवायला आधी पोर व्हावे लागते. "बेटा" हा शब्द तेव्हापासून माझ्या कानाला टोचतो.

पोराने तोंड उघडले की काय होते, तेही समनर यांच्या बाबतीत लगेच दिसले. १९१८ मध्ये पहिले महायुद्ध चालू होते. अमेरिका जगाला लोकशाहीचे धडे देत होती आणि घरी कृष्णवर्णीयांना झाडाला टांगत होती. समनर यांनी या ढोंगावर वूस्टरच्या स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिले. गावात गदारोळ उठला, देशद्रोहाची भाषा झाली. या संशोधक विद्यार्थ्याला जाहीर माफी मागावी लागली. मग लष्करात भरतीचा हुकूम आला, फ्रान्सच्या आघाडीवर जावे लागले. परत येऊन १९२० च्या जूनमध्ये त्यांनी पीएचडी पुरी केली. विषय, फ्रॉइड आणि अ‍ॅडलर यांचे मनोविश्लेषण. एका पोस्टवरून देशद्रोही ठरलेले आणि माफीनामे लिहून दिलेले संशोधक तुमच्या ओळखीत असतील. ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे असे समजून पुढे जाऊ नका.

पीएचडी हातात आली. पुढे काय? कोणत्याही गोऱ्या विद्यापीठाने त्यांना आयुष्यात कधी कायमची जागा दिली नाही. पहिली नोकरी मिळाली ओहायोतल्या विल्बरफोर्स युनिव्हर्सिटीत. ही संस्था आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या चर्चची. १८६३ पासून मालकी त्यांचीच. समनर तिथे एक वर्ष राहिले.

विल्बरफोर्सचा आणखी एक किस्सा सांगायलाच हवा, कारण तो माझ्या विषयाचा आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस १८९४ मध्ये तिथे शिकवायला गेले. त्यांना समाजशास्त्र शिकवायचे होते. संस्थेने हाती दिले लॅटिन आणि ग्रीक. एकदा प्रार्थनासभेत अचानक जाहीर झाले की आता प्राध्यापक ड्यू बॉइस प्रार्थना सांगतील. त्यांनी तिथल्या तिथे नकार दिला आणि नोकरी जाता जाता वाचली. दोन वर्षांत ते तिथून निघाले. हेच ड्यू बॉइस पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांच्या पत्राला उत्तर देतात. संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे कसे नेले, हे बाबासाहेबांनी त्यांना विचारले होते.

हा किस्सा इथे आणायचे कारण आहे. मालक आपल्याच समाजाचा असला म्हणून संस्था आपोआप आपली होत नाही. प्रार्थना म्हणा मग वर्ग मिळेल, हा व्यवहार कुठल्याही रंगाच्या व्यवस्थापनाला जमतो. आपल्याकडे बहुजन शिक्षणसम्राटांच्या कॉलेजात साहेबांच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिराचे फ्लेक्स लावत फिरणारे तासिकेवरचे प्राध्यापक मी पाहिले आहेत. तीही प्रार्थनाच.

विल्बरफोर्सनंतर सात वर्षे वेस्ट व्हर्जिनिया कॉलेजिएट इन्स्टिट्यूटमध्ये. हे सरकारी, पण फक्त कृष्णवर्णीयांसाठी. तिथे संशोधनासाठी पैसा मागितला की बाहेरच्या संस्था नकार द्यायच्या. १९२५ मध्ये समनर यांनी एक लेख लिहिला. कृष्णवर्णीयांमध्ये सर्जनशील विद्वत्ता का उभी राहत नाही, याची परिस्थितीतली कारणे काय, हा त्याचा विषय. बुद्धीत खोट शोधू नका, परिस्थिती बघा, हे या मांडणीचे सार. हा लेख मला आमच्या प्रत्येक मुलाखत समितीच्या टेबलावर ठेवावासा वाटतो.

आणि पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, याच समनर यांनी दुसरा लेख लिहिला. कृष्णवर्णीयांची संस्कृती अजून खालच्या पायरीवर आहे, सबब त्यांचे शिक्षण वेगळे असावे, वेगळ्या धर्तीचे असावे, असा त्याचा रोख. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या तडजोडीच्या वाटेवरचा लेख. गोऱ्या देणगीदारांना गोड वाटेल असाच.

मी हा भाग लपवू शकले असते. जयंतीच्या भाषणात तो लपवतातच. पण आपल्याला सर्वांत जास्त शिकवणारी जागा हीच आहे. काही जण म्हणतील, निधी मिळवायची ती चाल असेल. काही म्हणतील, त्यांना मनापासून तसेच वाटत असेल. मला दोन्हीत फार अंतर दिसत नाही. पंधराव्या वर्षापासून ज्याला दार उघडणाऱ्याचे आभार मानायला शिकवले, ज्याच्याकडून एका पत्रासाठी माफी वसूल केली, ज्याचा प्रत्येक अर्ज दुसऱ्याच्या दयेवर पास होतो, त्याच्या लेखणीत मालकाचा आवाज केव्हा शिरतो हे त्यालाही कळत नाही. फेलोशिपच्या मुलाखतीत "नाही सर, मला तसा भेदभाव कधी जाणवला नाही" असे मीही एकदा म्हणाले आहे. खोटे बोलले. यादीत नाव लागले. समनर यांच्यावर दगड मारायला माझा हात उचलत नाही. पण त्या लेखाला मी मोठेपणही देणार नाही. कृतज्ञतेची किंमत शेवटी विचारातून वसूल होते, याचा तो पुरावा आहे.

आता दुसरी बाजू बघा. १९२८ मध्ये समनर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत आले. हॉवर्डची कल्पनाही चर्चच्याच बैठकीतून निघाली होती, काँग्रिगेशनल पंथाच्या लोकांच्या. १८६७ मध्ये विद्यापीठ सुरू झाले आणि पुढे ते बऱ्याच अंशी केंद्र सरकारच्या निधीवर चालले. १९२६ मध्ये तिथे पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष आला, मॉर्डेकाय जॉन्सन. तेही बाप्टिस्ट धर्मगुरूच. म्हणजे धर्म बदलला नव्हता, खुर्चीतला माणूस बदलला होता. फरक किती पडला? १९३० मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला आणि समनर त्याचे प्रमुख. पुढच्या वर्षी त्यांनी व्हिएन्नाला धर्माच्या मानसशास्त्रावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला. विषय, धर्म आणि मानसिक आरोग्य. जो माणूस आयुष्यभर चर्चच्या छायेत शिकला आणि शिकवला, तो आता धर्मालाच टेबलावर ठेवून तपासत होता.

तरीही गोऱ्या विद्वानांच्या जगाने त्यांच्याकडून काम कोणते घेतले? जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश नियतकालिकांतल्या तीन हजारांहून अधिक लेखांचे इंग्रजी सारांश. ज्ञान दुसऱ्याचे, हमाली यांची. मोठ्या प्रकल्पांवर डेटा गोळा करणारे आणि मराठी मुलाखती इंग्रजीत उतरवून देणारे आपले कितीतरी मित्र आज हेच करत आहेत. पुस्तकात त्यांचे नाव आभाराच्या पानावर असते, तेही असलेच तर.

पण विभाग हातात होता, आणि विभागाला विद्यार्थी असतात. डॉक्टर व्हायला हॉवर्डमध्ये आलेला केनेथ क्लार्क समनर यांच्या तासाला बसला आणि मानसशास्त्राकडे वळला. मेमी फिप्स गणित शिकायला आली होती, तीही इकडे वळली. कृष्णवर्णीय बालकांना स्वतःच्या रंगाची जाणीव केव्हा आणि कशी होते, यावर मेमीने हॉवर्डमध्ये एमएचा प्रबंध लिहिला. या नवरा-बायकोने पुढे मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून प्रयोग केले. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, आणि तुझ्यासारखी कोणती? १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वंशभेद बेकायदा ठरवला, तेव्हा निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांचा अहवाल होता. मूळ कामाचा पाया घालणाऱ्या मेमीचे नाव तिथे नव्हते, ही बाईच्या वाट्याला येणारी आणखी एक तळटीप. खटला लढवणारे वकील थरगूड मार्शल. त्यांची पदवी लिंकनची आणि कायद्याचे शिक्षण हॉवर्डचे. समनर यांचीच वाट.

समनर यांनी हा निकाल पाहिला नाही. १२ जानेवारी १९५४ रोजी, घरासमोरचा बर्फ फावड्याने काढताना, हृदयविकाराने ते गेले. लष्करी मानवंदना मिळाली, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली. जिवंतपणी गोऱ्या विद्यापीठात जागा मिळाली नाही.

आणि 'पहिला' झाल्यावर पुढे काय झाले, त्याचा आकडा ऐका. १९२० ते १९६६ या काळात अमेरिकेतल्या दहा नामवंत मानसशास्त्र विभागांनी ३,७०० हून अधिक पीएचडी दिल्या. त्यांतल्या कृष्णवर्णीयांना किती? आठ. शेचाळीस वर्षांत आठ. म्हणून म्हणते, पहिल्याचा फोटो भिंतीवर लावणे फार सोपे असते. फोटोच्या आड दार लोटून घेता येते.

मधल्या काळात हे शास्त्र करत काय होते? माणसे मोजत होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या बुद्धिचाचण्या झाल्या. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये गोऱ्यांतही वरचे-खालचे वंश ठरवले. कृष्णवर्णीय अर्थातच तळाला. १९२६ मध्ये याच ब्रिगम यांनी कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा बनवली. १९३० मध्ये त्यांनी आपले वंशाबद्दलचे निष्कर्ष मागे घेतले. परीक्षा मात्र राहिली. ब्रिगम यांच्या पुस्तकानंतर वर्षभरातच अशा चाचण्यांवर तुटून पडलेला तरुण कोण होता? लिंकनचाच पदवीधर होरेस मान बाँड, जो पुढे तिथला अध्यक्ष झाला. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने वंशवादाला खतपाणी घातल्याबद्दल औपचारिक माफी मागितली ती २०२१ मध्ये. आपल्याकडे ज्यांच्या तोंडी उठता-बसता 'मेरिट' असते, त्यांनी हा इतिहास एकदा वाचावा. मेरिटची पट्टी ज्याने बनवली त्याने आधी स्वतःची उंची मोजून घेतली होती.

आता आपल्या दारात येऊ. इथे मला एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे, नाहीतर उद्या हा लेख भलत्याच गटांत फिरेल. मिशनऱ्यांना शिव्या घालायला टपलेल्या लोकांना माझ्या म्हणण्यात जागा नाही. ज्यांच्या पाठशाळांनी आम्हाला अंगणातही येऊ दिले नाही, ज्यांच्या शास्त्रांनी अक्षराला शिक्षा सांगितली, त्यांनी ख्रिस्ती कॉलेजचा हिशोब मागू नये. सिडनॅहममध्ये प्राध्यापक असलेल्या बाबासाहेबांनी प्राध्यापकांच्या माठातले पाणी प्यायले म्हणून तक्रार करणारे सहकारी मिशनरी नव्हते. चर्चवर, कब्रस्तानावर, प्रार्थनेवर हल्ले होत असताना अल्पसंख्याकांना कलम ३० ने दिलेल्या हक्काच्या बाजूने मी उभी आहे, आणि राहणार.

पण म्हणूनच प्रश्न विचारायचा अधिकार आमचा आहे. २००५ च्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आले. खासगी कॉलेजांत मागास घटकांसाठी प्रवेशाची तरतूद करायचा अधिकार सरकारला मिळाला, पण अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्या. नेमणुकांतही कलम ३० चाच आधार घेतला जातो. अनुदानित कॉलेजात पगार सरकारच्या तिजोरीतून येतो आणि नेमणूक व्यवस्थापनाच्या मर्जीने होते. हक्क दिला होता तो दुर्बल अल्पसंख्याकाच्या रक्षणासाठी. मग त्या अल्पसंख्याकातला दुर्बल कुठे आहे? भारतातल्या ख्रिस्ती समाजात दलित मोठ्या संख्येने आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शीख दलितांना घेतले, १९९० मध्ये आम्हा बौद्धांना. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहेत. सरकार म्हणते, तुमच्यात जात नाही. चर्चच्या कब्रस्तानात विचारा, जात आहे की नाही. खुद्द कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या आपल्या धोरणपत्रात अस्पृश्यता आणि भेदभाव चालतो हे कबूल केले. भारतातून पहिला दलित कार्डिनल २०२२ मध्ये झाला. पुन्हा एकदा 'पहिला'.

म्हणजे सरकारी आरक्षण नाही कारण धर्म ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती कॉलेजात राखीव जागेची सक्ती नाही कारण संस्था अल्पसंख्याक. दोन्ही दारे एकाच माणसाच्या तोंडावर बंद. मग अशा संस्थेत आम्हाला, दलित बौद्धांना आणि दलित ख्रिश्चनांना, जे मिळते ते हक्काने मिळत नाही, कृपेने मिळते. कृपेची पावती म्हणजे शाल.

मी सत्कारानंतर संस्थेला पत्र लिहिले. वाद घालायला नाही, तीन माहित्या मागायला. एक, स्थापनेपासून आजवर कायम प्राध्यापकांत दलित, आदिवासी आणि दलित ख्रिश्चन किती. दोन, तासिका तत्त्वावर आज किती जण आहेत, त्यांतले या समाजांचे किती, आणि कोणाचे मानधन किती महिने थकले आहे. तीन, संशोधनासाठी रजा आणि पैसा आजवर कोणाकोणाला दिला. कलम ३० यातली एकही गोष्ट सांगायला मनाई करत नाही. सक्ती नसताना न्याय करून दाखवणे, हीच तर धर्माची शेखी असते ना?

वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही हैदराबादला असाल, दिल्लीला असाल, वर्ध्याला असाल. पुढच्या महिन्यात तुमचाही कुठेतरी सत्कार होईल. जा. आईला घेऊन जा, तिचा तो दिवस हिरावू नका. पण माईक हातात आला की आभारानंतर एक वाक्य जास्त बोला. विचारा, माझ्यानंतर किती आहेत? आणि स्वतः खुर्चीत बसाल तेव्हा पहिलेपणाची उब सोडून मागच्याचा अर्ज वाचा. समनर यांचे मोठेपण १९२० च्या पदवीत मला तितके दिसत नाही, जितके केनेथ आणि मेमीच्या वर्गात दिसते. बाबासाहेबही सिडनॅहमच्या खुर्चीत रमले नाहीत. त्यांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज उभे केले, जिथे आपले येणे उपकार नव्हते.

माझ्या पत्राला अजून उत्तर आलेले नाही. बहुतेक तेही वर गेले असेल. शाल आईने पेटीत जपून ठेवली आहे. तिला मी काही बोलत नाही. उत्तर आले की याच जागी छापीन. नाही आले, तर तेही.

जय भीम.